फ्लॅकच्या डब्यात एमपी३: खरं लॉसलेस चित्रावरून कसं ओळखायचं

फाइलच्या शेपटाला फ्लॅक लिहिलंय म्हणून आतला आवाज लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावता साठवलेला, असतोच असं नाही. फ्लॅक हा नुसता डबा आहे. त्यात जे भराल ते तो जसंच्या तसं परत देतो; भरलेलंच आधी कुणी कुरतडलेलं असेल, तर कुरतडलेलं परत देतो, तेही इमानेइतबारे. १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट वापरणारी) एमपी३ उघडून फ्लॅकमध्ये साठवली की फाइल चांगली पाच-सहा पट फुगते, प्लेअर ऐटीत ‘४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट’ दाखवतो आणि जे गेलं ते गेलेलंच राहतं.

‘पण फ्लॅकच्या आत एमडी५, म्हणजे आतल्या आकड्यांचा ठसा, असतो ना?’ हे मला हमखास विचारतात. असतो. एन्कोड करताना जे आकडे आत गेले तेच आज बाहेर येतायत, एवढंच तो सांगतो. लखोटा वाटेत कुणी फोडला नाही याची ती खात्री. आतलं पत्र खरं की बनावट, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

माझं काम जुनी-नवी ध्वनिमुद्रणं गोळा करून नीट लावून ठेवण्याचं. लोक हार्ड डिस्क आणून देतात, ‘सगळं लॉसलेस आहे’ म्हणतात, आणि बहुतेकांना तसं मनापासून वाटतही असतं. मी प्रत्येक फाइलचं स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचं चित्र, बघते. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढे सगळं तिच्याभोवतीच फिरणार आहे: हे चित्र चोराला पकडून देतं, पण कुणालाही निर्दोष असल्याचा दाखला देत नाही.

चित्र काढायचं कसं

स्पेक्ट्रोग्रामवर डावीकडून उजवीकडे वेळ सरकते, खालून वर फ्रिक्वेन्सी चढते आणि रंग जोर दाखवतो. सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने, म्हणजे आवाजाची मोजमापं, असतात, म्हणून तिच्यात जास्तीत जास्त २२,०५० हर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. चित्राची वरची कड म्हणजे ही मर्यादा. एमपी३सारखे कोडेक, म्हणजे आवाज आवळून साठवण्याच्या पद्धती, जागा वाचवायला सगळ्यात आधी वरचा भाग छाटतात, कारण तिथलं गेलेलं कानाला सहसा कळत नाही. मोठ्या माणसाला १६ किलोहर्ट्झच्या वरचं धड ऐकूच येत नाही. म्हणूनच हे काम कानाचं नाही, डोळ्याचं आहे.

सगळ्यात सोपं साधन स्पेक. फाइल ओढून त्याच्या खिडकीत टाकायची, काही सेकंदांत अख्ख्या गाण्याचं चित्र तयार. फोल्डरभर चित्रं एकदम काढायची असतील तर सॉक्स हा प्रोग्राम. त्यातला स्पेक्ट्रोग्राम इफेक्ट प्रत्येक फाइलमागे एक चित्र लिहून ठेवतो. पण खरी तपासणी मी ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये करते, कारण तिथे हवं तिथे आत शिरता येतं. ट्रॅकच्या नावाजवळचा मेनू उघडून दृश्य स्पेक्ट्रोग्रामवर न्यायचं आणि लगेच सेटिंग्ज उघडायच्या. तीन गोष्टी बघायच्या. स्केल लिनिअर हवं; मेल किंवा लॉगरिदमिक असलं तर वरचा भाग, म्हणजे नेमका आपल्या कामाचा, दाबून बारीकशा पट्टीत कोंबलेला असतो. कमाल फ्रिक्वेन्सी २२,०५० करायची. आणि विंडोचा, म्हणजे एका वेळी मोजायच्या तुकड्याचा, आकार २,०४८ पासून सुरू करायचा.

दुसरी गोष्ट मी ठासून सांगते ती उगाच नाही. मी शिकत होते तेव्हाच्या आवृत्तीत वरची मर्यादा मुळातच ८,००० हर्ट्झवर ठेवलेली होती. एका संध्याकाळी मी ओळीने अकरा फाइलींपुढे ‘आठला कापलेली’ असं लिहिलं. बाराव्या फाइलीला अक्षावरचे आकडे वाचायचं सुचलं.

विंडोचं गणित थोडक्यात असं. २,०४८ नमुने म्हणजे सुमारे ४६ मिलिसेकंद. त्यात फ्रिक्वेन्सी बारीक दिसते, पण वेळ पुसट होते. २५६ नमुने म्हणजे सहा मिलिसेकंदांच्या आत, तिथे उलटं. भिंत, म्हणजे जिथे आवाज एकदम कापला जातो ती रेघ, शोधायची तर मोठी विंडो, ठोका बघायचा तर लहान. अधूनमधून बदलत राहायचं.

आधी स्वतः खोटी फाइल बनवा

दुसऱ्याच्या फाइलीला बोट लावण्याआधी हे करा. नाही केलंत तर पुढचं सगळं ज्योतिष होईल.

तुमच्या हातातली, तुम्ही स्वतः रिप केलेली, म्हणजे कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेली, एक सीडी घ्या. त्यातलं झांजा वाजणारं, दणदणीत एक गाणं निवडा आणि एक शांत, जवळजवळ एकट्या गळ्याचं. दोन्हींच्या एमपी३ बनवा: १२८, १९२, २५६ आणि ३२० केबीपीएस. एक २५६ची एएसी, एक ऑपस (हेही एमपी३सारखेच कोडेक). मग सगळ्या पुन्हा वेव्हमध्ये, म्हणजे न आवळलेल्या फाइलीत, उघडा आणि फ्लॅकमध्ये साठवा. आता तुमच्याकडे प्रत्येक गाण्याची एक खरी आणि सहा खोटी फ्लॅक आहेत, आणि कुठली कोणती हे तुम्हाला नक्की माहीत आहे. आठवडाभर बघत राहा. मग कुणाला तरी नावं बदलून द्यायला सांगा आणि ओळखा. मला १२८ कायम ओळखता येते, १९२ बहुतेकदा, ३२० दणदणीत गाण्यात जमते आणि शांत गाण्यात घसरते. २५६ची एएसी मला आजही फसवते. आपला डोळा कुठवर पोचतो हे एकदा कळलं की दुसऱ्यावर आरोप करताना जीभ आपोआप आवरते.

काय काय दिसतं

पहिली भिंत. कोडेक एका उंचीवर रेघ मारतो आणि तिच्या वर काही ठेवत नाही. लेम एन्कोडरने बनवलेल्या एमपी३त ही रेघ १२८ला साधारण १६ ते १७ किलोहर्ट्झवर असते, १९२ला साडेअठरा-एकोणीसच्या आसपास, २५६ला विसाच्या जरा खाली किंवा विसावर, ३२०ला वीस ते साडेवीस. खरा आवाज वर जाताना हळूहळू विरतो. झांज वाजली की रंग वर उसळतो, थांबली की खाली येतो, कड कायम हलती. कोडेकची भिंत पट्टीने आखल्यासारखी असते आणि गाणं कितीही ओरडलं तरी एक इंचही वर सरकत नाही.

पण नुसत्या भिंतीवर निकाल देऊ नका. सीडीसाठी आवाज डिजिटल करतानाही वर फिल्टर लावावाच लागतो, आणि विसाच्या आसपास सुरू होणारा उतार प्रामाणिक सीडींवरही सापडतो. सोळाला भिंत असेल तर भुवया वर जाव्यात. साडेवीसला असेल तर फक्त पुढे बघावं.

पुढे म्हणजे १६ किलोहर्ट्झची पायरी. मला भिंतीपेक्षा हीच खूण जास्त भरवशाची वाटते. एमपी३ आवाजाचे पट्टे पाडते आणि खालच्या प्रत्येक पट्ट्याला किती बारकाईने साठवायचं हे वेगवेगळं ठरवू शकते. सोळाच्या वरच्या शेवटच्या पट्ट्याला मात्र असा स्वतःचा गुणकच नाही. तिथे बारकावा हवा असेल तर सगळ्याच पट्ट्यांवर बिट उधळावे लागतात, म्हणून एन्कोडर वर हात आखडता घेतो. चित्रात याचा परिणाम असा दिसतो: सोळापर्यंत दाट विणीचं कापड, आणि त्याच्यावर ठिगळं. झांजेचा ठोका आला की वर वीसपर्यंत एक खांब उभा राहतो, ठोका सरला की खांब गायब, मध्ये काळोख. ३२०च्या फाइलीतही ही पायरी बऱ्याचदा दिसते, भिंत अगदी सभ्य उंचीवर असली तरी.

तिसरी खूण, भोकं. चित्र मोठं करा, विंडो १,०२४ वर आणा आणि १० ते १६ किलोहर्ट्झचा भाग बघा. कोडेकला जे ‘ऐकू येणार नाही’ वाटलं ते त्याने शून्य केलेलं असतं, आणि ते शून्य चौकोनी असतं: ठरावीक रुंदीचं, ठरावीक उंचीचं, कडा सरळ. कसरीने खाल्लेल्या कापडासारखं नव्हे, कात्रीने कापल्यासारखं. माइकच्या किंवा टेपच्या खरखरीत अशी भोकं पडत नाहीत.

आता माझी सगळ्यात आवडती जागा: गाण्याचा शेवट, जिथे आवाज मंदावत विरतो. लोक गाण्याचा सगळ्यात दणदणीत भाग बघतात; मी शेवटचे आठ-दहा सेकंद बघते. खऱ्या फाइलीत संगीत विरतं तसा रंग फिका होत जातो, पण खाली एक सारखी, बारीक खसखस पसरलेली राहते आणि वरच्या कडेपर्यंत तशीच विरळ होत जाते. जाजम हळूहळू उजेडाबाहेर जावं तसं. खोट्या फाइलीत हे जाजम विरत नाही, फाटतं. आधी सोळाच्या वरचं सुटतं, मग बारा-तेराच्या आसपास तुकडे गळायला लागतात, एखादा तुकडा क्षणभर परत येतो, पुन्हा जातो, आणि शेवटच्या दोन सेकंदांत पाच-सहा किलोहर्ट्झच्या वर सुट्टी बेटं तेवढी उरतात. हे एकदा बघितलंत की विसरणार नाही. स्पेकमध्ये हा भाग अंधारात बुडतो. तिथे एल ही की दाबून डेसिबलची खालची मर्यादा बदलता येते.

असा विरत जाणारा शेवट, म्हणजे फेड, नसेल तर दोन्ही चॅनेलमधला फरक काढते. ऑडॅसिटीत स्टिरिओ ट्रॅक फोडायचा, एक चॅनेल उलटा करायचा, दोन्ही मोनो करून एकत्र मिसळायचे. मधोमध असलेलं सगळं, बहुधा मुख्य गाणारा आवाजसुद्धा, कटाकटी होऊन जातं आणि उरतो तो कडेचा माल. जॉइंट स्टिरिओत, म्हणजे दोन्ही चॅनेल एकत्र आवळताना, कोडेक याच मालावर सगळ्यात जास्त काटकसर करतो. एकेका चॅनेलचं चित्र धडधाकट दिसत असलेल्या फाइलींच्या फरकात मी चाळणी झालेली पाहिली आहे. काहीच उरलं नाही, निव्वळ शांतता आली, तर मुद्रण मोनो आहे. त्यावरून बाकी काही सिद्ध होत नाही.

आणखी एक खूण ठोक्याआधीची धूळ. कोडेक आवाज तुकड्या-तुकड्यांनी हाताळतो आणि तुकड्यातली चूक त्या अख्ख्या तुकड्यावर पसरते. शांततेतून एकदम टाळी पडली की तिची धूळ टाळीच्या आधीच उडालेली दिसते. विंडो २५६ करून बघा. चांगले एन्कोडर अशा जागी आखूड तुकडे वापरून हे लपवतात, त्यामुळे दिसलं तर मोलाचं, नाही दिसलं तर सोडून द्यायचं.

ऑपसची मात्र खूण सोपी आहे. तो आतून ४८ किलोहर्ट्झवर चालतो आणि २० किलोहर्ट्झच्या वर काही ठेवतच नाही. ४८ किलोहर्ट्झची ‘लॉसलेस’ फाइल आली आणि बरोबर विसावर भिंत असली की हा आवाज कुठल्यातरी व्हिडिओतून उचललेला असावा अशी मला शंका येते.

मी जिथे तोंडावर आपटले

एका ओळखीच्या गृहस्थांनी जुन्या मैफलीचं मुद्रण दिलं. चित्रात १५ किलोहर्ट्झवर सरळसोट भिंत. मी त्यांना स्वच्छ सांगितलं, ‘काका, ही एमपी३वरून बनवलेली आहे.’ ते दुखावले. म्हणाले, कुणी कधी एमपी३ केलीच नाही, रेडिओवरून टेपवर घेतलं आणि टेपवरून थेट कॉम्प्युटरवर.

मी चित्र पुन्हा उघडलं. भिंतीच्या वरच्या काळोखात, १९ किलोहर्ट्झवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत केसासारखी एक आडवी रेघ होती. पहिल्यांदा ती मी बघितली होती आणि घाण समजून सोडून दिली होती. एफएम स्टिरिओ प्रक्षेपणात आवाज १५ किलोहर्ट्झपर्यंतच पाठवतात, कारण १९ला पायलट टोन असतो; त्याच्यावरून रेडिओला स्टिरिओ उलगडता येतं. भिंत प्रक्षेपणाची होती आणि रेघ पायलटची. पंधराला भिंत घालणाऱ्या कोडेकने ती केसाएवढी रेघ वर शिल्लक ठेवली नसती. म्हणजे ज्या चित्रावरून मी आरोप केला, त्याच चित्रात त्यांचा साक्षीदार उभा होता. मी फोन करून माफी मागितली. ते ‘बरं’ एवढंच म्हणाले.

तेव्हापासून फाइल बघण्याआधी मी विचारते: हे मुळात कशावर मुद्रित झालं? लाखेच्या तबकड्यांवर वरचा आवाज फारसा नसतोच, तिथे सात-आठच्या वर खरखर सोडून काय शोधणार? घरगुती कॅसेटही वर लवकर दमते. डॅट या डिजिटल टेपच्या लाँग-प्ले मोडमध्ये सॅम्पलिंगच ३२ किलोहर्ट्झचं, म्हणजे सोळाच्या वर काही असणं शक्यच नाही. सुमारे १५.६ किंवा १५.७ किलोहर्ट्झवर आडवी रेघ दिसली तर घाबरू नका. ती स्टुडिओतल्या जुन्या काचेच्या मॉनिटरची शिट्टी. आणि कधी कधी गाण्यात वापरलेला एखादा तुकडाच मुळात एमपी३ असतो. मग एका वाद्याला भोकं आणि बाकी सगळं शाबूत, असं विचित्र चित्र दिसतं. तिथे फाइल निर्दोष, संगीतकार आळशी.

चित्राबाहेरचा एक पुरावा

फाइल सीडीवरून घेतली असं कुणी सांगत असेल तर नमुने मोजा. सीडीवर एका सेकंदाच्या ७५ फ्रेम असतात आणि एका फ्रेममध्ये ५८८ नमुने. सीडीवरून नीट काढलेल्या ट्रॅकची लांबी ५८८ने नि:शेष भागली जायलाच हवी. ११,१६६,१२० नमुन्यांचा ट्रॅक घ्या: भागाकार बरोबर १८,९९०, बाकी शून्य. एमपी३ मात्र १,१५२ नमुन्यांच्या फ्रेमांत चालते आणि सुरुवातीला व शेवटी भर घालते. हाच ट्रॅक एमपी३तून जाऊन ११,१६८,६४० नमुन्यांचा होऊन आला तर तो १,१५२ने बरोबर भागला जातो आणि ५८८ने भागल्यावर १६८ उरतात. गाण्याच्या तोंडाशी हजारभर नमुन्यांची कोरी शांतता सापडली तर संशय आणखी पक्का होतो.

इथेही तोच नियम. आजचे बरेच डीकोडर एमपी३तली टीप वाचून भर अचूक छाटतात, आणि मग बनावट फाइलही ५८८च्या परीक्षेत पास होते. शिवाय थेट डिजिटल विकत घेतलेल्या फाइलीला सीडीच्या फ्रेमचं बंधनच नसतं. पूर्ण अल्बम हातात असेल तर क्यूटूल्स या प्रोग्रामने अ‍ॅक्युरेटरिप या सीडींच्या नोंदसंग्रहाशी ताडून बघा. इतरांनी त्याच सीडीवरून काढलेल्या आकड्यांशी तुमचे जुळले तर मग स्पेक्ट्रोग्राम बघायची गरजच उरत नाही. दाखला मिळतो तो इथे. सोबत आलेल्या, सीडी उतरवल्याची नोंद असणाऱ्या लॉग फाइलीवर मात्र फार विसंबू नका, ती साधी मजकुराची फाइल असते, कुणीही बदलू शकतं.

‘हाय-रेझ’, म्हणजे सीडीपेक्षा बारीक म्हणवणाऱ्या, फाइलींबद्दल थोडक्यात. ९६ किलोहर्ट्झच्या फाइलीत ४८पर्यंत जागा असते. बरोबर २२.०५ला सगळं संपून वर काळोख असेल तर ती बहुधा सीडीच, फुगवलेली. २५-३०च्या वर रंग उलट वाढत जात असेल तर मूळ डीएसडी, म्हणजे एका बिटने मुद्रण करण्याची वेगळी पद्धत, असावं. तो त्याचा ठरलेला गोंगाट आहे, संगीत नाही. २४ बिटचा दावा चित्रात कळत नाही. त्यासाठी सॉक्सचा स्टॅट्स इफेक्ट चालवा: तो वापरात असलेले बिट सांगतो. २४ पैकी १६च निघाले तर खालचे आठ शून्यांनी भरलेले आहेत.

फ्लॅकचा बिटरेट बघून लोक अंदाज बांधतात, तो मी धरत नाही. एकट्या गळ्याचं प्रामाणिक मुद्रण चारशे केबीपीएसमध्ये मावू शकतं आणि दणदणीत गाण्याची खोटी फ्लॅक आठशेच्या वर जाऊ शकते. टक्केवारी सांगणारी आपोआप तपासणारी सॉफ्टवेअरं मी हजारभर फाइली पहिल्यांदा चाळायला वापरते. शांत आणि जुन्या मुद्रणांवर ती सर्रास चुकतात.

तपासून झालं की मी फाइलीवर खरी-खोटी असं काही लिहीत नाही. कॉमेंटच्या टॅगमध्ये दिसलं ते लिहिते: ‘भिंत २०.४, सोळाला पायरी, शेवटच्या फेडला भोकं, ५८८ने बाकी १६८.’ काकांच्या मैफलीवर लिहिलंय: ‘भिंत १५, पायलट १९, एफएमवरून.’ आणि ज्या फाइलीत काहीच सापडलं नाही तिच्यावर फक्त तारीख आणि ‘काही आढळलं नाही’.